रुमालाखालचं उत्तर

शिल्पा नांदेडच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायची. वर्गात पोरांपेक्षा बाकं जास्त झाली, तेव्हा तिनं ठरवलं की आता तत्त्वज्ञानालाच बाजार दाखवायचा. डोक्यात एकदा शिरलं की शिरलं! म्हणून ती लोह्याच्या बैलबाजारात कडुलिंबाखाली येऊन उभी राहिली. थंडीतलं कोवळं ऊन होतं. खुरांनी उडालेली धूळ खाली बसायचं नाव घेत नव्हती आणि त्या पिवळट धुरळ्यात बैल, माणसं, पागोटी सगळं अर्धवट झोपेत असल्यासारखं हलत होतं. शिल्पाचंही तसंच झालं होतं, कारण रात्रभर तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

आदल्या दिवशी लातूरहून तिच्या भावाचा, दयानंदचा फोन आला होता. वडिलांना, आप्पांना, आता काहीच आठवत नव्हतं. त्यांना सांभाळणाऱ्या दयानंदलाच ते ‘मालक’ म्हणायचे.

"ते आता आपले आप्पा राहिले न्हाईत, ताई," तो म्हणाला होता. "आश्रमात जागा निघालीय. उद्या संध्याकाळपर्यंत तू हो म्हण, म्हंजे नेऊन सोडतो." मग तोच रडला, त्यामुळे तिला त्याच्यावर रागावताही येईना.

तोच प्रश्न तिनं बाजाराला घातला. "माणूस सगळं विसरला, पोटच्या पोरांना ओळखेना झाला, तर तो तोच माणूस राहतो का?"

लोक जमले. जमायला काय लागतं! पण कुणी ताकास तूर लागू देईना. "आधी बाई काय म्हणतेत ते बघू," बजरंग नावाचा एक शेतकरी शेजाऱ्याच्या कानात पुटपुटला. तिनं आवाज चढवून पुन्हा विचारलं, तर दोघं-तिघं उठून गेले.

शेवटी हनीफचाचा पुढं आले. बैलांची दलाली करण्यात त्यांची दाढी पिकली होती.

"म्याडम, हितं जो वरडून सांगतो, त्याचा बैल मारका हाय असं समजतेत. सौद्यात मनातलं कुणी तोंडानं बोलत न्हाई. रुमालाखाली माझ्या हातात बोटं देऊन भाव सांगतेत. तसं विचारू का?"

शिल्पानं मान डोलावली. चाचांनी खांद्यावरचा रुमाल हातावर टाकला. "तोच माणूस असंल तर माझा सगळा हात धरा, नसंल तर एकच बोट."

आणि माणसं येऊ लागली. एकेक हात रुमालाखाली जाई, थांबे, बाहेर येई. बजरंगनं इतका वेळ लावला की मागचा बैल त्याचा सदरा चाटू लागला. देगलूरहून बैलांची दावी-कासरे विकायला आलेल्या गंगम्मानं हात घातला, काढला, पुन्हा घातला. कुणी हसलं नाही. घुंगरांचे आवाज पाण्याखालून यावेत तसे लांबून येत होते. इतकी माणसं एकाच प्रश्नात बुडालेली शिल्पानं कधी पाहिली नव्हती. तिला फार आनंद झाला, अगदी लहान पोरीसारखा.

"काय म्हणाले सगळे?" तिनं घाईनं विचारलं.

"ते सांगायचं नसतंय. सांगितलं तर उद्या माझ्या हातात बोट कोन देईल?" चाचा म्हणाले. "तुमचं राह्यलं की, म्याडम."

ती हसली. या प्रश्नाच्या दोन्ही बाजू तिनं फळ्यावर किती वेळा मांडल्या होत्या! रुमालाखाली ऊब होती, चाचांचा तळवा खरखरीत होता. सगळा हात धरायचा, असं तिनं खरंच मनाशी ठरवलं होतं. पण पुढं गेलं ते एकच बोट. तिला रडू कोसळलं. चाचांनी ते बोट क्षणभर धरलं आणि सोडून दिलं. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

बाजाराच्या कडेला जाऊन तिनं फोन लावला.

"दया, तुझं खरंय. ते आता आपले आप्पा नाहीत."

पलीकडं मोठा श्वास सुटला. "मग नेऊन सोडू ना?"

"हाव. माझ्या घरी आणून सोड."

"अगं, आत्ता तर तूच म्हणालीस..."

"आप्पा असते तर आश्रमात जाणार न्हाई म्हणून भांडले असते रे," शिल्पा म्हणाली. "ह्या माणसाला भांडताबी येत न्हाई."