दोन्ही हात शांत

बंडेप्पांचा उजवा हात स्थिर दिसला आणि डॉक्टर जगदेवींनी पुढं वाकून तो पुन्हा पाहिला.

कंपवातानं हात थरथरणारे मन्नाएखेळ्ळीचे किराणा दुकानदार बंडेप्पा कलबुर्गीच्या ऑपरेशन थिएटरात पूर्ण शुद्धीत पडले होते. डोकं धातूच्या चौकटीत घट्ट, कवटीला डावीकडं छिद्र, आत मेंदूत खोलवर कंप थांबवायची एक बारीक तार. तारेतून अजून वीज सोडलीच नव्हती.

"तार जाताच कंप थांबला, मॅडम. जागा अचूक लागली," सर्जन शिवशंकर म्हणाले. "पक्की करून टाकू?"

नुसत्या तारेच्या धक्क्यानंही असं होतं कधी कधी. जगदेवींनी स्वतःच त्यावर लेख लिहिला होता. बेंगळुरूत वीस वर्षं त्यांनी लोकांचे थरथरते हात मोजले, पण तिथं शेवटचा शब्द त्यांच्या सरांचा असे. इथं तो त्यांना द्यायचा होता. तार भलत्या जागी पक्की झाली, तर बंडेप्पांचा हात थरथरतच राहणार होता.

मग त्यांचं लक्ष डाव्या हाताकडं गेलं. तोही शांत. मेंदूच्या डाव्या बाजूची तार फक्त उजवा हात थांबवील. डावा कशानं थांबला?

"अण्णा, कंपाची गोळी घेतली का?"

"न्हाई ओ बाई. तुमीच बंद केलाव की. काल दुपारपासनं एक बी न्हाई."

खोटं वाटत नव्हतं. जगदेवी बाहेर आल्या. बाकावर बंडेप्पांची बायको रुद्रम्मा बसली होती.

"अक्का, सकाळी काय दिलंत त्यांना?"

"लिंगपूजेचं तीर्थ. घोटभर चालतंय म्हणलाव तुमी."

"तीर्थात काय होतं?"

रुद्रम्मानं पदर तोंडाला लावला. "पूजेत तळहातावरचं लिंग थरथरून पडंल म्हणून... एक गोळी कुस्करली. सात वाजता. त्यांना सांगू नका, माझं तोंड बघायचे न्हाईत."

आत येऊन जगदेवी म्हणाल्या, "औषधाचा अंमल आहे. उतरेपर्यंत थांबावं लागेल."

"डोकं उघडं ठेवून?" शिवशंकरांचा आवाज चढला. "रक्तस्राव झाला तर कोण जबाबदार?"

"मी," त्या म्हणाल्या, आणि घड्याळाकडं पाहिलं.

बंडेप्पांनी सगळं ऐकलं होतं. "रुद्रीच असंल. एवढी मोठी डॉक्टरीण घरात असताना मी हितं कामून आलो, काय की. थांबा तुमी. गिऱ्हाइकाची वाट बघायची सवय हाय मला."

दहा वाजले. अकरा. रक्तदाबाचा आकडा थोडा चढला की जगदेवी तो पुन्हा मोजायला लावायच्या. साडेअकराला उजवा अंगठा हलला. बघता बघता पंजा थडथडू लागला, पाठोपाठ डावा हातही.

वीज सोडली. एक व्होल्ट. दोन. पंजा थडथडतच होता. तीनवर बंडेप्पांचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं, शब्द चिकटले.

"जागा चुकलीय," जगदेवी म्हणाल्या. "दोन मिलिमीटर मध्यरेषेकडं घ्या."

शिवशंकरांनी तार काढली, नव्या वाटेनं पुन्हा घातली. उजवा पंजा अजून थडथडत होता. पुन्हा वीज सोडली; दोनवर अंगठा मंदावला आणि थांबला. डावा हात मात्र थरथरतच राहिला.

"बोला, अण्णा."

"काय बोलू? रुद्रीला आत बोलवा, मंग बगा कसा बोलतो."

शब्द लख्ख होते. जगदेवींनी वीज बंद केली. उजवा पंजा पुन्हा थडथडला. सुरू केली, थांबला.

"झालं, मॅडम," शिवशंकर हळूच म्हणाले.

जगदेवींनी मान हलवली, आणि आणखी एकदा बंद करून पाहिलं.