सखारामने वाचून दाखवलेली पत्रे

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे, फणसाच्या लाकडाची. मिरजोळ्याच्या धोंडू सुताराने १९२१ साली मला बनवले, तेव्हा मी हळदीसारखी पिवळी होते. आता चुलीच्या धुराने काळी पडले आहे आणि एका कोपऱ्याला वाळवीही लागली आहे. माझ्याबद्दल सांगण्यासारखे फार नाही. पण माझ्या पोटात जी पत्रे राहिली, त्यांची हकिकत तुम्हाला सांगितलीच पाहिजे.

मालन लग्न होऊन सासरी आली ती मला घेऊनच. घर रत्नागिरीपासून दोन कोसांवर, खाडीकाठच्या वाडीत होते. तिचा नवरा भिकाजी आगबोटीच्या भट्टीत कोळसा टाकण्याचे काम करी. वर्षाकाठी महिनाभर घरी येई, एरवी त्याची पत्रे येत. तो दुसरीपर्यंतच शिकलेला. अक्षर वेडेवाकडे, पण लिहायचा स्वतः.

मालनला एक अक्षर येत नव्हते. घरात वाचता येई ते फक्त तिच्या थोरल्या दिराला, सखारामला. नवऱ्याचे पत्र घेऊन दुसऱ्याच्या दारात जाणे त्या काळी बाईला शोभत नसे. सखाराम ओटीवर बसून वाची आणि मालन दाराआड उभी राहून ऐके. मग ती पत्र फडक्यात बांधून माझ्या तळाशी ठेवी. तेव्हा ती मला रोज पुसायची. घरात माझ्याइतका मान दुसऱ्या कशाला नव्हता.

१९२८ साली लागोपाठ तीन पत्रे आली. "खुशाल आहे. काम फार आहे. यंदा येत नाही," असे सखारामने पहिल्या दोन्ही वेळा वाचले. तिसरे पत्र चांगले चार पानांचे होते. तेही त्याने तीन वाक्यांत संपवले. माझ्यात ठेवताना मालनने त्याची पाने मोजली, पुन्हा मोजली आणि फडक्याची गाठ मारली. पंधरा दिवसांनी भिकाजी मुंबईच्या इस्पितळात वारल्याची खबर आली.

मालन फारशी रडली नाही. माणूस आपल्याला विसरला, पोटच्या पोरीलाही विसरला, हे तिच्या मनाने घेतले होते. सगुणा तेव्हा पाच वर्षांची होती.

पुढे दोन वर्षांनी शेजारच्या वाडीत मुलींचा वर्ग निघाला. मालनने कुणालाही न विचारता सगुणाला तिथे नेऊन बसवले.

"पोरीच्या जातीला शाळा कशाला?" सखाराम कडाडला. "गुरं कोण बघील?"

"गुरं मी बघीन," मालन म्हणाली.

सखारामची स्वतःची मुलगी तुळसा तेव्हा तेरा वर्षांची होती. तिला शाळेचे कुणी विचारलेच नाही. त्याच वर्षी तिचे लग्न संगमेश्वरच्या बाजूला लागले.

सगुणा तिसरीत गेली. भात झोडणीचे दिवस होते. सगळे खळ्यावर गेलेले. भर दुपारी मालनने माझे झाकण उघडले, फडके सोडले आणि पत्रे लेकीपुढे ठेवली.

"वाच गो."

सगुणा बोट ठेवून अक्षरे लावू लागली. पहिल्या पत्रात लिहिले होते, 'मुंबईत खोली बघितली आहे. सगुणीला घेऊन ये. इथे मुलींची शाळा आहे, पोरीला शिकवू.' दुसऱ्यात होते, 'ताप उतरत नाही. इस्पितळात आहे. दादाला सांग, तो तुला बोटीत बसवून देईल.' आणि चार पानांच्या पत्राच्या शेवटी होते, 'रोज दाराकडे बघतो. तू का येत नाहीस? माझे काय चुकले?'

"परत वाच," मालन म्हणाली. सगुणाने परत वाचले. तिसऱ्यांदा तिला रडू आवरेना.

"त्यानी बोलावलान होतं गो," मालन म्हणाली, "आणि मी इथं रागावून बसलेली." चार वर्षांपूर्वी रडायचे ते ती त्या दुपारी माझ्यावर डोके टेकून रडली.

सखाराम घरी आला तेव्हा ती प्रथमच दाराआडून बाहेर आली. "भावजी, त्या पत्रांत काय होतं?"

सगुणाच्या हातातले कागद पाहून तो खाली बसला. म्हणाला, "तू गेली असतीस तर आवशीचं कोणी केलं असतं? शेतात कोण उभं ऱ्हायलं असतं?"

"ते मरत होते, भावजी."

"मरंल म्हणून मला काय ठाव?" मग तो एकदम उसळला. "उद्यापासून पोर शाळंत जायची नाय!"

ज्या म्हातारीसाठी त्याने हे केले, ती त्याची आई येसूबाई वर्षापूर्वीच वारली होती. आता त्या घरात मालनला अडवणारे काही उरले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला डोक्यावर घेतले, सगुणाचा हात धरला आणि रत्नागिरीची वाट धरली.

तिथे एका घरच्या पडवीत आम्ही सहा वर्षे काढली. मालन भात कांडायची. कोंड्याने तिला खोकला जडला, तो पुन्हा गेला नाही. सगुणा सातवीची परीक्षा पास झाली त्या दिवशी मालनने एवढेच विचारले, "आता तुला कोण खोटं वाचून दाखवणार नाय ना?" सगुणाने आईलाही शिकवून पाहिले. "माझ्या बोटांना आता मुसळाशिवाय काय धरवत नाय," असे म्हणून मालनने पाटी बाजूला सारली. ती निरक्षरच राहिली.

सगुणा मुलींच्या शाळेत शिक्षिका झाली, आणि त्याच वर्षी, १९३९ साली, तुळसा आमच्या दारात उभी राहिली. एक हात गळ्यात बांधलेला, दुसऱ्या हाताला सहा वर्षांची दमयंती. नवऱ्याने हात मोडला होता, आणि तोही पहिल्यांदा नव्हे. सासरचे लोक दरवर्षी सखारामला लिहीत, 'तुळसा मजेत आहे.' तो ते जसेच्या तसे वाची आणि खरे मानी. तुळसाला स्वतः दोन ओळी लिहिता येत नव्हत्या.

"इथंच ऱ्हा," मालन म्हणाली.

"धाकटा झिलगा तिकडं हाय, काकी. हिला तेवढी ठेवून घ्या."

"किती दिवस?"

"माझ्यासारखी ऱ्हायची नाय, तोपर्यंत."

धाकट्या मुलासाठी तुळसा एकटीच परत गेली. दमयंती दिवसभर मला टेकून बसली. तिने भाताला हात लावला नाही.

मित्रांनो, मला तेलपाणी नको, वाळवी काढायची घाईही नको. तुमच्या घरात, शेजारात अशी एखादी मुलगी आली, तर तिला जपा. दमयंती अजून 'घ' आणि 'ध' यांत चुकते. कुणी मोठ्याने बोलले की तिच्या हातातली पेन्सिल थांबते. तिच्यावर ओरडू नका. तिच्याशेजारी बसा, आणि तिचे अक्षर पुरे होईपर्यंत उठू नका.