तंगाखालची गाठ

सकाळपासून पुतणीचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. मिरीला तिने तीनदा खरारा केला, आयाळ विंचरली, खुरांना तेल लावलं. चौथ्यांदा खरारा उचलला तेव्हा काका दारातूनच ओरडले, "अगं, घोडी विकायची आहे की तिचं सालटं काढायचंय?"

तबेला काकांचा, पण मिरी पुतणीची. आई गेलेलं ते काळंभोर शिंगरू तिने बाटलीने दूध पाजून जगवलं, मोठं झाल्यावर त्याला लगाम शिकवला, पाठीवर माणूस घ्यायला शिकवलं. "घोडा तयार करणं म्हणजे पोरखेळ नव्हे," हे काकांचं पाच वर्षांचं पालुपद. ही घोडी विकली गेली की दुसरं जनावर तुझ्या हाती देईन, असं मात्र ते एकदा बोलून बसले होते. आज तो दिवस उजाडला होता.

घेणाऱ्या बाई बासष्ट वर्षांच्या. तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेल्या आणि लहानपणापासून घोड्यासाठी वेड्या. त्या आल्या त्याच मुळी गाडीमागे रिकामा ट्रेलर लावून. फाटक अरुंद. काका हात हलवत "डावीकडे, जरा डावीकडे" सुरू करणार, तोवर ट्रेलर एका दमात उलटा आत येऊन उभासुद्धा राहिला. काकांचा हात हवेतच.

"मावशी, तपासणी व्हायचीय अजून," पुतणी हसत म्हणाली.

"माहीत आहे गं. पण धीर धरवेना. काल डोळ्याला डोळा नाही बघ."

बाईंनी ठरवलेले डॉक्टर बोलायला मोजके. त्यांनी मिरीचे दात पाहिले, डोळ्यांत बॅटरी मारली, एकेक पाय उचलून खूर ठोकून पाहिला. प्रत्येक वेळी त्यांनी मान डोलावली की पुतणी मिरीची मान थोपटे. मग त्यांचा हात पुढच्या डाव्या पायाच्या कोपरामागून पोटाखाली गेला आणि तिथेच थांबला.

"ही गाठ कसली?"

पुतणी वाकली. खोगिराचा तंग, म्हणजे पोटाखालून जाणारा पट्टा, जिथे आवळतात, बरोबर तिथे बोराएवढी, केस गळालेली, खरबरीत गाठ होती.

"मस असेल," काका म्हणाले.

"मस नाही. घोड्यांच्या कातडीला येते ही गाठ. आत फुप्फुसात वगैरे पसरत नाही, पण काढली तरी पुन्हा उगवू शकते. आणि जागा वाईट. तंग घासला की चिघळणार."

बाईंनी ओठ आवळले. "माझ्या नवऱ्याच्या मानेवर याहून मोठी गाठ आहे. तीस वर्षं झाली, परत नाही केला मी त्याला."

"नवऱ्यावर आपण खोगीर घालत नाही, बाई."

"ते तुम्हाला काय ठाऊक!" बाई म्हणाल्या, आणि काकांनासुद्धा हसू आवरलं नाही. "बाकीची तपासणी करा डॉक्टर. अर्ध्या रस्त्यात प्रवासी उतरवायची सवय नाही मला."

डॉक्टरांनी तंग गाठीच्या पुढे बांधायला लावला. पुतणीने मांड टाकली. आधी चाल, मग दुडकी, आणि डॉक्टरांनी हात वर केला तशी तिने मिरीला मोकळं सोडलं. टापांखाली मैदान दणाणलं. वारा कानांत शिरला. घोडीचा श्वास आणि तिचा श्वास एका लयीत पडू लागला, आणि गाठ, काका, डॉक्टर सगळं मागे उडून गेलं. तेवढ्यात शेजारच्या गोदामावरची ताडपत्री सुटली आणि फडफडत थेट समोर आली. मिरीने कान टवकारले, एक पाऊल बाजूला टाकलं, अन् पुन्हा सरळ! वेग तसूभरही कमी झाला नाही.

"वाऽ माझे वाघिणी!" कुंपणापाशी बाई लहान पोरीसारख्या उड्या मारत होत्या.

डॉक्टरांनी घामेजल्या छातीला नळी लावली. "काळीज पक्कं, दम पक्का, पाय पक्के. आता खरं सांगा. ही गाठ कधीपासून आहे?"

"चार दिवसांपूर्वी नव्हती," काकांनी झटकन सांगून टाकलं.

पुतणीला गप्प बसणं किती सोपं होतं! पण बाई तिच्याकडेच बघत होत्या.

"तीन महिन्यांपूर्वी पाहिली मी," ती म्हणाली. "मसुरीएवढी होती. गोचीड चावली असेल अशी मनाची समजूत घातली, मग खरारा करतानाही तिथे हात नेला नाही. काकांना बोलले नाही. आज बघते तर एवढी झालीय."

"म्हणजे वाढतेय," डॉक्टर म्हणाले. "बाई, माझा सल्ला, आज घेऊ नका."

बाई गाडीत जाऊन बसल्या आणि दार लावून घेतलं.

"झालं समाधान?" काका दातओठ खात पुटपुटले. "हातातोंडाशी आलेला घास घालवलास!"

पुतणी मिरीच्या मानेला कपाळ टेकून उभी राहिली. गाडीतून बाईंनी डॉक्टरांना बोलावलं. काचेआड बराच वेळ बोलणं चाललं. मग दार धाडकन उघडलं.

"ऐक गं. डॉक्टर शुक्रवारी गाठ गोठवून काढतायत. मग तीन महिने वाट बघायची. उगवली नाही, तर घोडी माझी. तोवर दुसऱ्या कुणाला दाखवायची नाही. कबूल?"

"मावशी! पण... तुम्ही तर..."

"अगं, आयुष्यात पाच जुन्या गाड्या घेतल्या मी. ब्रेक लागत नाही असं आपण होऊन सांगणारा एकही भेटला नाही."

"औषधपाण्याचा खर्च माझा," पुतणी घाईघाईने म्हणाली. तिने बाईंना मिठीच मारली.

ट्रेलर त्या दिवशी रिकामाच गेला. काका संध्याकाळभर फुगून होते. सकाळी मात्र त्यांनी एका अवखळ तांबड्या घोड्याचा दोर तिच्या हातात कोंबला. "विकली नाही अजून, माहीत आहे मला. धर."

शुक्रवारी गाठ निघाली. पहिले दोन आठवडे जखम बघवत नव्हती. बाई दर रविवारी येत. पाठीवर बसायची परवानगी नव्हती, तर दोर धरून मिरीबरोबर मैदानाला फेऱ्या घालत आणि तिला आपल्या जुन्या बसच्या मार्गावरचे सगळे थांबे ओळीने म्हणून दाखवत.

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी पोटाखाली बोटं फिरवली. बाईंनी पुतणीचा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले.

"नाण्याएवढा डाग आहे, केस नाहीत. गाठ नाही." ते उभे राहिले. "पण हमी देत नाही मी. दर महिन्याला हात फिरवून बघायचं."

"महिन्याला? मी रोज बघीन!" बाईंनी रिकिबीत पाय अडकवला. दोनदा घसरल्या, तिसऱ्यांदा पुतणीच्या खांद्याचा आधार घेऊन वर चढल्या. वर बसल्यावर डोळे पुसत त्या म्हणाल्या, "बाई गं, केवढं उंच आहे हे!"

मिरी शांतपणे चालू लागली.