बावीस घरांची एक शिडी

मित्रांनो, तेरा पायऱ्यांची, पायांत जराशी वाकडी अशी मी एक लाकडी शिडी. बसच्या शेवटच्या थांब्यापलीकडे बावीस घरं बांधली गेली, खाली दोन खोल्या आणि वर एक. छपरांचं लाकूड उरलं, त्यातून म्हाताऱ्या सुताराने मला घडवलं आणि सगळ्या घरांत मिळून एक म्हणून देऊन टाकलं.

माझं एक ठरलेलं होतं. मला कुणी परत करायचं नाही. काम जिथे झालं तिथेच मी राहायची. ज्याला हवी त्याने शोधत यायचं. मग काय, एक दिवा बदलायला माणूस पाच दारं ठोठावायचा. एका दारात चहा व्हायचा, दुसऱ्या दारात कुणाचा खोकला कळायचा, तिसऱ्या दारात कुणाच्या मुलीचा निकाल. मी सापडेपर्यंत दिवस मावळायचा आणि दिवा राहायचा तसाच! तेव्हा माझी ऐट काही औरच होती.

पुढे घरं विकली गेली, नवी माणसं आली. कुंपणाच्या भिंती डोक्याएवढ्या झाल्या. घरोघरी ॲल्युमिनियमच्या हलक्या शिड्या आल्या. माझा शेवटचा मुक्काम पडला फोनवाल्या मावशींकडे. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. अकरा वर्षं मला कुणी विचारलं नाही. तरी दर उन्हाळ्यात मावशी मला तेल लावायच्या. म्हणायच्या, "अगं, उद्या कुणी न्यायला आलं तर?" त्यांचे डोळे फाटकाकडे असायचे. मला फार वाईट वाटायचं.

एका सकाळी बागेतला नळ सोडून त्या वर गेल्या आणि खोलीत पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. फोन खाली राहिला. त्यांच्या हाका मी ऐकत होते, पण एवढ्या उंच भिंतींपलीकडे त्या पोचल्या नाहीत. मला दोन पाय आहेत, पण एक पाऊल टाकता येत नाही. त्या दिवसाइतका स्वतःचा राग मला कधी आला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारचे दाताचे डॉक्टर आले. आले ते भांडायलाच, कारण नळाचं पाणी त्यांच्या अंगणात शिरलं होतं. बेल वाजवली, दार बडवलं. वरून कण्हण्याचा आवाज आला, तसा त्यांचा राग कुठल्या कुठे पळाला. त्यांनी मला उचललं, वरच्या उघड्या खिडकीला लावलं आणि धावत चढले. माझी नववी पायरी तडकली, पण मी त्यांना पडू दिलं नाही.

मावशी जमिनीवर होत्या. ओठ सुकलेले. खिडकीत माणूस आणि त्याच्या हाताखाली माझं टोक पाहून त्या हसल्या.

"शिडी हवी होती का? न्या की. विचारायचं काय त्यात!"

सहा वर्षं शेजारी राहूनही डॉक्टरांना त्यांचं नाव ठाऊक नव्हतं.

"हो मावशी," ते म्हणाले, "शिडीच हवी होती."

मावशी दवाखान्यातून परत आल्या नाहीत.

मित्रांनो, मला तेल लावलं नाहीत तरी चालेल. तडकलेली पायरी बदलली नाहीत तरीही चालेल. पण तुमच्या घरी नवीकोरी शिडी असली, तरी एकदा शेजारच्या दारात जा आणि त्यांची शिडी मागा.