आडाच्या काठावरची खाच

मित्रांनो, माझ्या अंगात चार बोटं खोल खाच आहे. आतून नख फिरवलं तरी कुठं अडत नाही. आष्टीजवळच्या माळावर एक जुना आड आहे. मी त्याच्या उत्तर काठाचा दगड.

खाणीतून आलो तेव्हा मी चौकोनी होतो आणि अंगभर पाथरवटाच्या टाकीचे घाव होते. वस्तीतल्या बायका माझ्या बाजूनं पाणी शेंदू लागल्या. दोर मला घासत वर यायचा. मी झिजलो तसे दोरही झिजून तुटले, आणि त्या बायकांतल्या बायनाबाईच्या तळहातावरच्या रेषा पुसल्या गेल्या.

"तुजं प्वाट अन् माजे हात संगंच झिजले बग," ती मला म्हणायची. ते कौतुक मला पुरायचं.

निजामाच्या कागदांतलं फसली साल तेराशे तीस, त्याचा उन्हाळा आला. सगळे आड आटले, आमच्यात पाणी राहिलं. तेव्हा शेजारच्या शेताचे मालक अर्जुनराव यांनी आडाभोवती काटे लावले. वस्तीनं इथं कधी पाणी भरलंच नाही, असं ते सांगू लागले. वस्तीत चाळीस उंबरे, आणि दुसरं पाणी दोन कोसांवर. बायनाबाईनं आष्टीच्या कचेरीत पाच खेपा घातल्या. तिच्या वहाणांच्या टाचा झिजल्या, तेव्हा कुठं जमिनीची तपासणी करणाऱ्या गिरदावर साहेबांची पाहणी ठरली.

पाहणीच्या दोन दिवस आधी अर्जुनरावांनी सटवा गवंड्याला आणून माझी खाच चुन्यानं बुजवली. मी सपाट झालो. इतक्या वर्षांचं काम एका थापीखाली गेलं!

साहेब घोड्यावरून उतरले. "बाई, वहिवाटीचा सुबूत?"

"ह्यो दगड हाय, साहेब."

अर्जुनराव हसले. "बगा हुजूर, दोराची रेघ तरी दिसती का?"

"नवरदेवावानी सजवलाय की त्येला!" बायनाबाईची जाऊ छबुबाई मागून म्हणाली. बायका खिदळल्या.

"आडाची डागडुजी केली आमी."

"मग एकाच दगडाची कावून, मालक?" बायनाबाईनं विचारलं.

साहेबांनी काठाला एक फेरी घातली. "बाई, पाणी काढा."

पोहरा सुटला, खाली धप्पकन आपटला. दोर ताठ झाला. पहिल्या पोहऱ्याला काहीच हाललं नाही. दुसऱ्याला पांढरी भुकटी उडाली. ओढ बाई, ओढ! मी आतून ओरडत होतो. तिसरा पोहरा भरून वर येऊ लागला आणि चुन्याचं ढेकूळ सुटून आडात कोसळलं. दोर सर्रकन आपल्या जागी बसला!

"कोरली असंल कुणी!" अर्जुनराव म्हणाले.

साहेब वाकले. त्यांनी खाचेत चार बोटं घातली. "टाकीची खाच नखाला लागते. ही लागत नाही. अशी पडायला दोन पिढ्या जातात." मग कागदावर लिहिलं: वहिवाट जुनी, काटे काढावेत.

बायनाबाईनं पहिली घागर माझ्यावरच ओतली. चुना धुऊन गेला.

आता आडाला रहाट बसला आहे. दोर मला शिवत नाही. पावसाचं पाणी खाचेत साठतं आणि चिमण्या ते पितात. मित्रांनो, जुन्या दगडात खड्डा दिसला की लगेच चुना कालवू नका. आधी त्यात बोटं घाला, आणि तिथं कुणाचे हात राबले ते विचारा.