पाळीची वही

त्या सभागृहात एरवी बॅडमिंटन खेळतात. जमिनीवरच्या पिवळ्या रेघा अजून दिसत होत्या आणि त्या रेघांवर पाच-सहाशे माणसं दाटीवाटीनं बसली होती. प्रत्येकानं आपापलं म्हातारं माणूस बरोबर आणलं होतं. कुणी स्वतःचा बूट काढून मांडीवर घेतला होता, कुणी शेजारच्या अनोळखी बाईला "आपण घरी कधी जायचं?" असं पुन्हा पुन्हा विचारत होतं. व्यासपीठावर आठवणबाबा बसले होते. पांढरे कपडे, कानांवरून घट्ट गुंडाळलेलं पांढरं फडकं आणि झोपलेल्या बाळाशी बोलावं तसा आवाज.

"विसर म्हणजे काय?" बाबा म्हणाले. "मेंदूवर बसलेली धूळ. डॉक्टर काय करतो? गोळ्या देऊन त्या धुळीचा चिखल करतो. मी काही करत नाही, माझ्या लेकरांनो. मी फक्त फडकं मारतो."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. पण लोक माना डोलवत होते.

बाबांसमोरच्या खुर्चीत छोटीची आई बसली होती. छोटी माझी मैत्रीण. आमच्यात सगळ्यांत उंच, म्हणून छोटी. तिच्या आईला मी मावशी म्हणते. मावशींनी तीस वर्षं शाळेचे गणवेश शिवले. आता त्या दिवसभर शिवणी उसवत बसतात, चपला फ्रिजमध्ये ठेवतात आणि पोटच्या मुलीला विचारतात, "ताई, तुम्ही कुणाकडच्या?"

बाबांनी डोळे मिटले. "एक भिंत दिसते. पाण्याची टाकी. वर मोठी बहीण चढलीय. पडली. उजवा हात... अरेरे, तो हात पुढं वाकडाच राहिला."

मावशींच्या डोळ्यांतून पाणी आलं. "हो हो," त्या म्हणाल्या, "माझी ताई."

सभागृहात हुंकार उठला. बाबांनी छोटीकडं बोट दाखवलं. "आणि ही कोण?"

"माझी मुलगी," मावशी म्हणाल्या.

सहा महिन्यांनी छोटीनं ते ऐकलं. ती तिथंच खाली बसली आणि तोंडावर हात ठेवून रडली. टाळ्या थांबेनात. बाबांनी जाहीर केलं की पुढच्या रविवारी हिला सामानासकट आणा, इथूनच गाडी आश्रमात नेईल. एकवीस दिवस राहायचं. गोळ्या आजपासून बंद. भेटायला कुणी यायचं नाही, कारण जुनी माणसं दिसली की जुना विसर परत बसतो.

मी मात्र टाळ्या वाजवल्या नाहीत. टाकीच्या भिंतीवरून पडलेली ती ताई मावशींची नव्हतीच. ती माझी ताई होती.

हे कसं झालं ते सांगते. आम्ही तिघं औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला आहोत. मी लेबलं तपासते, छोटी मशीन चालवते आणि मास्तर आमच्या लाइनचे सुपरवायझर. मास्तर निवृत्तीला आलेत आणि आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढत आलेत, म्हणून मास्तर. मावशींना एकटं ठेवणं अशक्य झालं तेव्हा मास्तरांनीच पाळ्या लावून दिल्या. छोटी कामावर असेल तेव्हा आमच्यापैकी कुणीतरी मावशींजवळ. कारखान्यातली सवय म्हणून पाळीची वहीही आली. काय खाल्लं, कुठली गोळी दिली, कुठली जुनी गोष्ट काढली की त्या शांत होतात, सगळं त्यात. नियमही तेच. लिहिलं नाही ते घडलं नाही, आणि चुकीची नोंद खोडायची नाही. ज्यानं लिहिली त्यानंच एका रेघेनं कापायची आणि शेजारी सही करायची.

एका मंगळवारी मी मावशींना माझ्या ताईची गोष्ट सांगितली. गुरुवारी मावशींनी तीच मास्तरांना आपली म्हणून सांगितली. या आजारात असं होतं, ऐकलेलं आपलंच वाटायला लागतं. मास्तरांनी इमानदारीत नोंद केली: "यांची मोठी बहीण टाकीच्या भिंतीवरून पडली. उजवा हात वाकडा. बहिणीचा विषय काढला की मन रमतं." मी ते वाचलं, पण नोंद माझी नव्हती, म्हणून कापली नाही. मावशी खरं तर एकुलत्या एक. छोटीला वाटलं, असेल कुणी चुलतबहीण.

आणि ही वही त्या रविवारी आम्ही दारावरच्या खिडकीत जमा केली होती. मोबाइल, पिशव्या, कागद, काही आत न्यायचं नाही. बिल्ला घ्यायचा, जाताना परत न्यायचं. फॉर्मवर पेशंटच्या नावाशिवाय एक अक्षर विचारत नव्हते. त्यामुळेच तर लोक चाट पडायचे.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मावशींजवळ शेजारीण बसली होती. जेवणाच्या सुट्टीत मी हे सगळं छोटीसमोर मांडलं. तिनं डबा बंद केला.

"आईनं ती गोष्ट आपली मानलीय ना? मग बाबांना तिच्या मनातलं दिसलं. खरं-खोटं तुझ्यासाठी. मनात होतं ते त्यांनी वाचलं."

मुद्दा वेडगळ होता, पण तर्कात बसत होता.

"गोळ्या तरी बंद करू नकोस. त्यांत ब्लडप्रेशरच्याही आहेत."

"सहा महिने दिल्या गोळ्या. एकदा तरी मला हाक मारली तिनं? बाबांनी पाच मिनिटांत करून दाखवलं. तुला माझं चांगलं बघवत नाही का गं?"

ते लागलं. बुडत्याला काडीचा आधार असतो आणि मी ती काडीच काढून घेत होते. बदल्यात द्यायला माझ्या हातात काही नव्हतं. मावशी बऱ्या होणार नाहीत हे डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. रात्रपाळी करून घरी जाणाऱ्या बाईला आशा नको म्हणायला जीभ रेटत नाही.

मास्तर शेजारीच जेवत होते. ते म्हणाले, "छोटे, रिकामी खोकी पकडणारं यंत्र चालतंय की नाही हे आपण कसं बघतो?"

"तासाला एक रिकामं खोकं मुद्दाम सोडतो. पकडलं तर यंत्र ठीक."

"मग सोड की एक."

"कुठं सोडू?" छोटीनं विचारलं.

"वहीत एक खोटी नोंद कर," मास्तर म्हणाले. "तू एकटीनं. आम्हाला सांगू नकोस, आईसमोर उच्चारू नकोस. बाबा मन वाचत असतील तर त्यांना ती दिसायची नाही. वही वाचत असतील तर दिसेल."

"आणि नाही दिसली तर?"

"तर मी स्वतः आईची बॅग गाडीत ठेवीन."

छोटीनं वही घेतली आणि कोपऱ्यात जाऊन लिहिलं. गोळ्या मात्र तेवढा आठवडा चालू ठेवल्या. त्याबद्दल मी तिचे मनातल्या मनात आभार मानले.

रविवारी वही खिडकीत गेली. वही कुठं जाते ते बघायला मास्तर बिल्ला घेऊन तिथंच उभे राहिले. ज्या म्हाताऱ्या माणसांना बाबांसमोर आणायचं त्यांना आधी वेगळ्या खोलीत बसवायचे, शांततेसाठी म्हणे, आणि नातेवाइकांना तिथं प्रवेश नसे. मावशींना मागच्या रविवारीही नेलं होतं, आजही नेलं. मी आणि छोटी पुढं बसलो. मावशींची बॅग छोटीच्या पायाशी होती. तिनं माझा हात धरला होता. मी मनात म्हणत होते, बोल रे बाबा, आणि लगेच वाटत होतं, नकोच बोलू.

मावशी खुर्चीत बसल्या. बाबांनी डोळे मिटले.

"एक मुका जीव दिसतो," बाबा म्हणाले. "चार पाय. लांब कान. बिचारा लंगडतोय. आई, तुम्ही लहानपणी एक गाढव पाळलं होतं. तुमच्या हातून गवत खायचं."

लोकांनी उसासे टाकले. छोटीनं माझा हात सोडला.

"गाढव?" मावशी म्हणाल्या. "आमच्याकडं? दोन खोल्यांत गाढव बांधायचं कुठं हो?"

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. बाबा डोळे न उघडता म्हणाले, "मागच्या जन्मातलं असेल. आठवण तिथवर गेली."

छोटी उभी राहिली. सहा फुटांची बाई उभी राहिली की दिसतेच. ती म्हणाली, "ते गाढव मी सोमवारी जन्माला घातलं. वहीत लिहिलं आणि वही तुमच्या खिडकीत दिली. आईला ठाऊक नाही, माझ्या मैत्रिणीला ठाऊक नाही. आणि माझ्या मनातलं वाचलं म्हणाल, तर हे खोटं आहे हेसुद्धा तिथंच होतं. ते कसं नाही वाचलंत?"

तेवढ्यात सभागृहाच्या मागच्या टोकाचा पडदा सरकला. पडद्याआड एक सेविका टेबलाशी बसली होती, पुढ्यात लहानसा माईक आणि आमची वही उघडी. शेजारी मास्तर उभे होते. त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि माईकवर टकटक केलं. इकडं व्यासपीठावर बाबांचा हात डाव्या कानाकडं गेला. मास्तरांनी पुन्हा टकटक केलं. हात पुन्हा कानाकडं. लोकांच्या माना मागं-पुढं वळत होत्या, जशा त्या सभागृहात एरवी वळतात.

"फडकं काढा," कुणीतरी म्हणालं.

"फडक्याखाली तेज आहे, तुम्हाला सोसणार नाही," बाबा म्हणाले आणि मागच्या दारानं गेले. त्या तेजाला वायर होती, ती खुर्चीत अडकून तुटली.

सगळ्यांना पटलं असं नाही. काही जण आमच्यावरच चिडले. पण एक गृहस्थ मास्तरांपाशी आले, खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं आणि हळूच विचारलं, "हिच्या नऊ दिवस बंद ठेवल्यात. परत सुरू करू?" मास्तर म्हणाले, "मला नका विचारू. आत्ता इथून सरळ डॉक्टरांकडं जा."

घरी येताना छोटी बॅग मांडीवर घेऊन बसली होती. "मग ते 'माझी मुलगी'?" तिनं विचारलं. "तेही खोटंच?"

पहिल्या रविवारी शांततेच्या खोलीत मावशींना काय घोकवून घेतलं ते पडद्याआडच्या सेविकेनं मास्तरांजवळ कबूल केलं होतं. एक सेविका छोटीच्या कपड्यांचा रंग सांगून अर्धा तास म्हणून घेत होती, निळी ती माझी मुलगी. छोटीला हे मीच सांगितलं. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा बरं. ती खिडकीबाहेर बघत रडली. मीही रडले. त्या चोराचा मला सगळ्यांत जास्त राग येतो तो या एका गोष्टीसाठी.

संध्याकाळी छोटीनं गाढवाची नोंद एका रेघेनं कापली आणि सही केली. मास्तर ताईची नोंद कापायला निघाले, तर मी अडवलं. शेजारी फक्त लिहिलं, "ही गोष्ट मूळ माझी. मावशींना वापरायला दिली आहे." छोटी थोडं हसली. मावशी तिच्या बाहीची शिवण उसवत बसल्या होत्या. छोटीनं बाही पुढं केली आणि उसवू दिली.

विसर घालवणारं फडकं कुणाकडंही नाही. डॉक्टरांकडंही नाही, पण ते तसं तोंडावर सांगतात. तुमच्या घरातली गोष्ट कुणी तुम्हालाच सांगून थक्क केलं, तर हात जोडण्याआधी एवढं विचारा, ही त्याला कळली कुठून? आणि जो म्हणतो गोळ्या बंद करा, माणसं तोडा, त्याच्याकडं आपलं माणूस सोडू नका. घरी दमायला झालं तर शेजारी, मित्र, कामावरचे, ज्यांना मागता येईल त्यांच्याकडं एक दिवस मागा. आमच्याकडं मंगळवार माझा आहे. गुरुवार मास्तरांचा.