पन्नासवर बांधलेला मीटर

टाकी ओसंडली आणि ती बंद करायला धावलेले दाजी उकळतं रसायन अंगावर येऊन गेले. चौकशीवाल्यांनी तीन दिवसांत निकाल लावला: ऑपरेटरला डुलकी लागली, जाग आली तेव्हा उशीर झाला होता. मेलेल्या माणसाच्या नावावर काहीही खपतं.

दाजींच्या बायकोचा, म्हणजे ताईचा, धाकटा भाऊ त्याच कारखान्यात मीटर जुळवायचा. चौथ्या दिवशी साहेब म्हणाले, "त्या टाकीचा मीटर तपासून घे, म्हणजे फाईल बंद करता येईल."

त्यानं हातातलं यंत्र मीटरला जोडलं. पडद्यावर आलं: आउटपुट स्थिर, पन्नास टक्के.

टाकी किती भरली ते दाखवणारे हे मीटर हुशार खरे, पण सांगकामे. तपासणीपुरता एक आकडा बांधून दिला, की टाकी रिकामी असो नाहीतर काठोकाठ, कंट्रोल रूममध्ये तोच दिसतो. काम झालं की आठवणीनं सोडवायचा असतो. अपघाताच्या दिवशी त्यानंच तो बांधला होता. फोनवर दाजींना विचारलं होतं, "पन्नास दिसतंय का?"

"दिसतंय रे बाबा. आटप आता, भूक लागलीय."

आणि मीटर तसाच बांधलेला ठेवून तो जेवायला गेला होता. टाकी भरत राहिली, दाजींना पन्नासच दिसत राहिलं.

आता एक बटण दाबलं की मीटर सुटणार होता. कुणाला कानोकान कळलं नसतं. घरी बायको, तान्ही मुलगी. अंगठा बटणावर गेलाही.

पण गेले तीन दिवस ताई एकच घोकत होती, "आदल्या रात्री मी भांडत बसले. यांना झोपू दिलं नाही. माझ्यामुळेच डोळा लागला."

त्यानं अंगठा उचलला आणि साहेबांना बोलावून पडदा दाखवला.

"नोकरी तर गेलीच," साहेब हळूच म्हणाले. "पुढे काय होईल ते सांगता येत नाही."

"माहितेय, साहेब."

तिथून तो थेट ताईकडे गेला. ती भाजी निवडत होती. त्यानं आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं.

"म्हणजे हे जागे होते," ती हातातली भाजी खाली ठेवत म्हणाली.

"हो ताई. दाजी आकड्याकडेच बघत होते."

ती रडली, पोटभर रडली. मग डोळे पुसून उठली आणि दार उघडून उभी राहिली.

"बरं केलंस, सांगितलंस," ती म्हणाली. "आता जा. मी बोलावल्याशिवाय येऊ नकोस."